कोकणातल्या घरात गडद तपकिरी खोली: भिंत निवडण्यापासून शेवटच्या हातापर्यंत

"वयनी, ह्यो रंग लावलात तर घरात काळोख होतलो." शेड कार्डावरच्या सगळ्यात खालच्या, जवळजवळ काळ्या तपकिरी चौकोनावर बोट ठेवलं की सिंधुदुर्गातला पेंटर हे म्हणणारच. त्याचं अगदीच चुकत नाही, पण कोकणात हा रंग बिघडताना जिथे जिथे पाहिला तिथे काळोखाचा दोष कमी होता. ओल, खार आणि पांढरीफटक ट्यूबलाइट, हे तीन खरे शत्रू. त्यांचा बंदोबस्त झाला की आमसुलाच्या किंवा जळक्या कॉफीच्या जवळ जाणारा रंग आपल्याकडच्या घरात जितका शोभतो तितका मुंबईच्या काचेच्या टॉवरमध्ये शोभणार नाही.

आपली जुनी माजघरं गडदच होती. शेणाने सारवलेली जमीन, काजूच्या टरफलांचं तेल पिऊन काळपट झालेले वासे, फणसाच्या लाकडाची दारं, आणि उजेडाला वर एखादं काचेचं कौल. भिंती पांढऱ्या असल्या तरी चुलीच्या धुराने दोन वर्षांत त्यांचाही रंग बदलायचा. त्यामुळे गडद खोलीत बसायची आपल्याला सवय आहे. फक्त आता ती सिमेंट, पुट्टी आणि इमल्शनमध्ये (पाण्यात मिसळून लावायचा प्लास्टिक रंग) करायची आहे, आणि त्याला वेगळी काळजी लागते.

आधी खोली ठरवा

सगळं घर गडद करू नका. एकच खोली घ्या, आणि तीही आधीच कमी उजेडाची. अशा खोलीला आपण पांढरा रंग देतो आणि ती उजळेल अशी आशा करतो. पण पांढऱ्या रंगाला परतवायला मुळात उजेड लागतो. पडवीच्या आत, मंगलोरी कौलांच्या खाली, एकाच खिडकीच्या माजघरात पांढरी भिंत मळकट राखाडी दिसते. तीच भिंत गडद तपकिरी केली की खोलीचा मंदपणा मुद्दाम ठरवल्यासारखा वाटतो.

माजघर, संध्याकाळनंतरच वापरात येणारी निजायची खोली, पुस्तकांची खोली, देवघराची मागची भिंत, या चांगल्या जागा. देवघराचा तर विशेष फायदा आहे: समईची काजळी दिसत नाही आणि पितळ उठून दिसतं. स्वयंपाकघर मात्र सोडा. खोबरेल, फोडणी आणि वाफ यांचे डाग गडद मॅट रंगावर चमकदार ठिपक्यांसारखे उमटतात आणि पुसले की आणखी पसरतात. न्हाणीघराबद्दल बोलायलाच नको.

खोली ठरली की भिंत ठरवा. घराच्या ज्या अंगाला नैर्ऋत्येचा पाऊस थेट झोडपतो ती बाहेरची भिंत शक्यतो गडद करू नये. आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंती सुरक्षित. चारही भिंती करायच्याच असतील तर पावसाळी अंगाच्या भिंतीची पुढे दिलेली तपासणी दुप्पट कडकपणे करा.

मुहूर्त: गणपतीच्या आधी नाही

कोकणात रंगकाम निघतं ते बहुतेक गणपतीच्या तोंडावर. चाकरमानी येणार, घर उजळायला हवं. फिक्या रंगाला हे कसंबसं चालून जातं. गडद रंगाला अजिबात नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, आणि श्रावण-भाद्रपदात जांभ्या दगडाची भिंत आतून पूर्ण भिजलेली असते. त्यावर इमल्शनचे तीन हात चढवले की पाणी बाहेर पडायला जागा शोधतं आणि दिवाळीपर्यंत फुगे दिसू लागतात.

पाऊस ऑक्टोबरात परततो. त्यानंतर भिंतीला किमान महिना-दीड महिना वाळू द्या. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ: हवा कोरडी, पेंटरही त्यामानाने मोकळे. रत्नागिरीकडे शिमग्याला पालखी घरी येते, तेव्हा त्याआधी काम संपवायचं असं ठरवलं तर तारीख आपोआप हातात राहते. मे महिन्यात रंग वाळतो, पण दमट हवेमुळे वेळ लागतो, आणि पावसाआधी सगळ्यांचीच घाई असल्याने माणूस मिळत नाही.

भिंतीची परीक्षा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. रंग कुठल्या कंपनीचा यापेक्षा इथे काय केलंत यावर पुढची पाच वर्षं अवलंबून आहेत.

प्रथम प्लास्टिकची चाचणी. दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा. एक जमिनीपासून फूटभर वर, एक छातीच्या उंचीला, एक खिडकीच्या खाली. दोन दिवसांनी काढून बघा. भिंतीच्या बाजूने दव धरलं असेल किंवा गिलावा तेवढ्यापुरता काळपट झाला असेल तर पाणी भिंतीतूनच येतंय. फक्त खालच्या तुकड्याला ओल असेल तर ती जोत्यातून चढतेय. जांभा सच्छिद्र असतो, जमिनीतलं पाणी तो वर ओढतो. खिडकीखालीच ओल असेल तर बाहेरची तावदानाची फट किंवा सज्जाचा उतार बघा. आधी तो दोष काढायचा. आतून वॉटरप्रूफ कोट मारून ओल थांबत नाही. तिथे अडलेलं पाणी आणखी वर चढतं आणि दुसरीकडून डोकं काढतं.

मग खार. भिंतीवर पांढरी, कापसासारखी किंवा साखरेसारखी पूड फुटली असेल, तर ते गिलाव्यातले क्षार आहेत. पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. आपल्याकडच्या बऱ्याच घरांच्या गिलाव्यात खाडीची वाळू नीट न धुता वापरलेली आहे. त्यातलं मीठ हवेतला दमटपणा खेचत राहतं, त्यामुळे पाऊस नसतानाही भिंत चिकट लागते. फिक्या भिंतीवर ही पूड वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. गडद तपकिरीवर ती पहिल्याच पावसाळ्यात दिसते, लांबून, आणि पाहुण्यांनासुद्धा.

खार पाण्याने धुऊ नका. पाण्यात विरघळून तो परत आत जातो. कोरड्या, ताठ ब्रशने झाडा, खाली कागद पसरून पूड गोळा करा आणि घराबाहेर टाका. आठवड्याने परत बघा. पुन्हा फुटला तर परत झाडा. तीन-चार वेळा झाडूनही थांबत नसेल, किंवा गिलावा बोटाने भुगा होत असेल, तर खारट पट्ट्याच्या वर आणखी दीड-दोन फुटांपर्यंत गिलावा काढून धुतलेल्या वाळूने नवा करावा लागेल. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला कमीत कमी २८ दिवस द्या. त्याआधी त्यातला अल्कलीपणा रंगाला भोवतो, आणि गडद रंगावर फिके ढग उमटतात.

चिपळुणात २०२१ च्या जुलैमधल्या पुराचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथे पाण्याची रेघ होती त्याच्या खालच्या भागाची हीच परीक्षा आजही करून घ्यावी. भिंत वरून वाळलेली दिसते, आतलं मीठ आणि गाळ जाग्यावर असतो.

काळे ठिपके असतील तर ती बुरशी. एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी, ब्रशने लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्या. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर, विशेषतः ॲसिड, मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

समुद्र जवळ असेल तर कोरड्या भिंतीवरूनही गोड्या पाण्यात पिळलेलं फडकं एकदा फिरवा. हवेतल्या मिठाचा थर बसलेला असतो आणि त्यावर प्राइमर धरत नाही. (झाडून संपलेल्या खाराच्या जागी मात्र नाही, तिथे फक्त ब्रश.)

आता जुन्या घरांबद्दल एक सूचना. भिंत मातीत रचलेल्या जांभ्याची असेल आणि वर माती किंवा चुन्याचा गिलावा असेल, तर तिच्यावर गडद इमल्शन लावूच नका. ती भिंत ओल घेते आणि सोडते, म्हणूनच इतकी वर्षं टिकली. तिला प्लास्टिकचा कोट चढवला की गिलावा आतून कुजतो. रंगीत चुनाही इथे फार कामाचा नाही: चुन्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त रंगपूड घातली तर तो हाताला लागत राहतो, आणि वाळल्यावर फिका पडतो. मिळणारा रंग विटकरी किंवा गुलाबीसर तपकिरी असेल, कॉफी नाही. सिलिकेट (खनिज) रंगाने गडद छटा मिळू शकते आणि भिंतीला श्वासही घेता येतो, पण तो महाग असतो आणि तो लावायची सवय असलेला माणूस शोधावा लागतो. माझं मत विचाराल तर अशा घरात भिंती चुन्याच्याच ठेवा आणि दारं, चौकटी, कपाट, माळ्याची फळी गडद करा. परिणाम जवळपास तोच मिळतो.

छटा निवडणं

तपकिरी रंगाचे तीन स्वभाव असतात: लालसर, पिवळसर आणि जांभळट. कोकणात खिडकीतून येणारा उजेड वर्षातले निदान पाच-सहा महिने हिरवा असतो. समोर माड, पोफळी, आंबा, आणि पावसात तर सगळंच. त्या उजेडात पिवळसर तपकिरी शेवाळी दिसायला लागतो. जांभळट छटा ढगाळ दिवशी थंड, शाईसारखी होते. लालसर तपकिरी अधिक काळोखा होतो पण उबदारपणा सोडत नाही. म्हणून जांभ्याकडे झुकणारा घ्या. जांभा लाल असतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि तपकिरी रंगाच्या डब्यातही बहुधा लोहाचीच ऑक्साइडं असतात. दाराबाहेर जांभ्याचा उघडा चिरा दिसत असेल तर आतला रंग त्याच्याशी भांडत नाही. या ऑक्साइडांचा दुसरा गुण म्हणजे ती उन्हाने विटत नाहीत. खूप लालभडक मरून छटा मात्र वेगळ्या रंगद्रव्यांनी येते आणि खिडकीसमोर फिकी पडू शकते.

शेड कार्डवर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर छटेजवळ एलआरव्ही नावाचा आकडा असतो. रंग किती उजेड परत पाठवतो ते तो सांगतो: काळा शून्याजवळ, पांढरा शंभराजवळ. आपल्याला हवे असलेले रंग साधारण ५ ते १० मध्ये येतात. पाचच्या खाली गेलात तर रात्री तपकिरी आणि काळा यांत फरक उरत नाही. दहाच्या वर तो चॉकलेटी शाळेच्या बाकासारखा दिसायला लागतो.

नमुना भिंतीवर लावू नका, त्याची कड शेवटच्या रंगाखालूनही जाणवते. दोन फुटी हार्डबोर्डच्या तुकड्यावर प्राइमर आणि दोन हात द्या, आणि तो तुकडा सकाळी खिडकीशेजारी, दुपारी समोरच्या कोपऱ्यात, रात्री दिव्याखाली ठेवून बघा. ढगाळ दिवस मिळाला तर नक्की बघा. कोकणात तुम्ही त्या खोलीत सगळ्यात जास्त बसणार ते अशाच दिवशी.

किती रंग, कुठला रंग

दहा बाय बारा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली घ्या. चारही भिंती मिळून ३९६ चौरस फूट. दारं-खिडक्या वजा जाता ३४० धरा. पुट्टी केलेल्या गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शन एका हातात सुमारे २०० चौरस फुटांना पुरतं. गडद रंगाला तीन हात लागतातच, म्हणजे पाच लिटर आणि थोडं वर. गडद बेसचे (ज्यात मशीनने रंग मिसळतात त्या मूळ इमल्शनचे) डबे ०.९ आणि ३.६ लिटरचे मिळतात, कारण मशीनमध्ये रंग सोडायला जागा ठेवलेली असते. एक ३.६ चा आणि दोन ०.९ चे घेतलेत तर पुरेल. सगळे एकाच दिवशी, एकाच मशीनवर करून घ्या आणि घरी आल्यावर मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. दोन डब्यांतला किंचित फरक पांढऱ्यात खपतो, इथे तो भिंतीच्या मधोमध दिसतो.

चमक किती हवी, हा वादाचा मुद्दा आहे. मॅट सगळ्यात देखणा, पण हात लागला की पांढुरकी रेघ उमटते. जास्त चमकदार रंगात भिंतीचा प्रत्येक खळगा दिसतो, आणि आपल्याकडचे गिलावे सरळ असतात असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. मधला मार्ग म्हणजे धुता येणारा मॅट किंवा अगदी मंद चमकेचा इमल्शन, बुरशीरोधक असा उल्लेख असलेला. डिस्टेंपर घेऊ नका. गडद डिस्टेंपर अंगाला आणि कपड्यांना लागतो.

हात चढवणं

पुट्टीचे दोन हात, नंतर १८० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणं. घासून झालं की दिवे बंद करून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवी धरा. खड्डे, पुट्टीच्या पत्र्याच्या रेघा, राहिलेले दाणे सगळे सावल्यांनी दिसतात. पेंटर वैतागेल. तरी करा.

प्राइमर पांढरा लावू नका. त्यात तपकिरी किंवा काळा-लाल स्टेनर (मिसळायचा दाट रंग), डब्यावर दिलेल्या मर्यादेत, मिसळून घ्या. प्राइमर मध्यम राखाडी-तपकिरी झाला की पुढचे हात झाकले जातात आणि एखाद्या कोपऱ्यात राहून गेलेला ठिपका पांढरा डोळा करून बघत नाही.

रंग लावताना पंखा बंद, खिडकी अर्धी उघडी. एक भिंत सुरू केली की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत संपवल्याशिवाय चहाला थांबायचं नाही. कडेचं कटिंग (ब्रशने कडा रंगवणं) आणि रोलर एकाच वेळी चालले पाहिजेत, म्हणून दोन माणसं हवीत. कटिंग आधी करून वाळू दिलं तर छताखाली चौकटीसारखा पट्टा राहतो. रोलर शेवटी प्रत्येक वेळी एकाच दिशेने, वरून खाली, हलका सोडा. डब्यावर चार तासांनी दुसरा हात लिहिलेलं असलं तरी गडद रंग सावकाश वाळतो. रात्रभर थांबा. पहिल्या हातानंतर भिंत भयाण दिसते, ठिगळं, ढग, पट्टे. तेव्हाच घरातले ज्येष्ठ येऊन बघतात आणि मत देतात. तिसऱ्या हातापर्यंत दार लोटून ठेवलेलं बरं.

शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवडे भिंत पुसायची नाही आणि कपाट टेकवायचं नाही. रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला तेवढा वेळ घेतो.

छत, वायरी आणि बाकीचा पांढरेपणा

स्लॅबचं छत शुभ्र पांढरं ठेवलंत तर डोळा तिथेच जातो. दुधाळ, पिवळसर छटा किंवा सरळ भिंतीचाच रंग द्या. वर मंगलोरी कौलं आणि वासे असतील तर काहीच करू नका, ती याच घराण्यातली आहेत.

खरा घोळ वायरिंगचा. जांभ्याच्या भिंतीत खाचा मारणं कठीण, म्हणून आपल्याकडे वायरी पांढऱ्या केसिंग-कॅपिंगमधून (झाकणाच्या प्लास्टिक पट्ट्यांमधून) भिंतीवरून फिरतात. फिक्या भिंतीवर त्या कोणी पाहत नाही. गडद भिंतीवर खोलीचा नकाशा काढल्यासारख्या दिसतात: मीटरपासून पंख्यापर्यंत, पंख्यापासून बटणापर्यंत, मध्येच नंतर जोडलेल्या इन्व्हर्टरची एक तिरपी पट्टी. पुरवठा बंद करून पट्ट्यांच्या झाकणांना हलका पॉलिश पेपर मारा, प्लास्टिकवर बसणारा प्राइमर द्या आणि भिंतीचाच रंग लावा. बटणांची पांढरी पाटी बदलून तपकिरी किंवा काळी घ्या. खर्च किरकोळ, फरक प्रचंड. दाराची चौकटही भिंतीच्याच रंगात, फक्त थोड्या चमकेच्या इनॅमलमध्ये केली तर खोली मोठी वाटते, कारण नजर कुठे अडत नाही.

जमीन लाल कोब्याची असेल तर तुम्ही नशीबवान. पांढऱ्या चकचकीत टाइल्स असतील तर मोठी चटई किंवा सतरंजी लागेलच, नाहीतर उजेड खालून येतो आणि भिंती अधांतरी दिसतात.

उजेड

छताला एक पांढरी ट्यूब, हा प्रकार इथे बंद. ६५०० केल्विनच्या निळसर उजेडात लालसर तपकिरी मातकट दिसतो. २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दिवे घ्या, आणि खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असेल तर उत्तम, कारण कमी सीआरआयच्या दिव्यात लाल छटा मरते. एका मोठ्या दिव्याऐवजी तीन लहान, आणि तेही बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या आसपास: एक खुर्चीशेजारी, एक कपाटावर, एक भिंतीला लागून. वाचायला वेगळा दिवा ठेवा. त्यातला एक इन्व्हर्टरवर असू दे. पावसात वीज गेल्यावर गडद खोलीत चप्पल शोधणं हा वेगळाच अनुभव असतो.

वस्तू थोड्याच, पण उजेड परत करणाऱ्या: घासलेलं पितळ, खिडकीसमोर नाही तर काटकोनात लावलेला आरसा, जुनी चिनी मातीची बरणी, न रंगवलेलं सागवान किंवा फणस. पडदे पांढरे नकोत, कोऱ्या मांजरपाटाच्या रंगाचे बरे.

नंतरची देखरेख

लाल धूळ तपकिरी भिंतीवर दिसत नाही, पालीची घाण दिसते. डासांना गडद जागी बसायला आवडतं, त्यामुळे खिडकीला जाळी हवीच. पावसाळ्यात कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा, मागे हवा खेळली नाही तर बुरशी तिथूनच सुरू होते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाळवी. पांढऱ्या भिंतीवर तिची मातीची नळी दुसऱ्या दिवशी दिसते. तपकिरी भिंतीवर ती भिंतीच्याच रंगाची असते आणि वाशापर्यंत पोचली तरी कळत नाही. महिन्यातून एकदा टॉर्च भिंतीला आडवी धरून कोपरे, चौकटींच्या कडा आणि लाकडी खांबांचे पाय तपासा. नळीला सावली पडते, तिथे ती सापडते.

भिंतीला ओरखडा गेला तर तेवढाच ठिपका भरू नका, तो कायम दिसत राहील. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती भिंत एका हाताने परत मारायची. त्यासाठी उरलेला रंग डब्यात अर्धा रिकामा न ठेवता लहान बरणीत गच्च भरून ठेवा, आणि वर छटेचा कोड, बेसचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. चिठ्ठीवर पारदर्शक टेप लावा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात शाई पसरते.